काकांची वही आणि खोटा अँटीव्हायरस

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात काकूचा फोन आला, रात्री साडेनऊला, म्हणजे काका झोपल्यावर. आवाज एकदम बारीक. म्हणाली, अगं ह्यांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय अडीच आठवडे झाले, कुणाला जवळ फिरकू देत नाहीत, जेवण धड नाही, आणि परवा पासबुक भरून आणलं तेव्हापासून तर तोंडातून शब्द नाही, तू ये ना जरा, मी बोलावलं म्हणू नकोस. मी शनिवारी पहाटे स्वारगेटला गाडी पकडली आणि नऊ सव्वानऊला वाईत पोचले. येताना बॅगेत एक्स्टर्नल हार्ड डिस्क, उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम) टाकलेला एक पेन ड्राइव्ह, आणि एक नवा कोरा पेन ड्राइव्ह पाकिटासकट टाकला होता. या कोऱ्या पेन ड्राइव्हचं पुढे फार काम झालं, सांगते.

काका म्हणजे माझे मोठे काका. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, चौतीस वर्षं नोकरी. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत हातात घेतला. पहिली आवृत्ती १९९६ साली निघाली होती, त्यानंतर जन्मलेले, लग्न होऊन आलेले, गेलेले, परदेशात असलेले, सगळ्यांची माहिती काका गेली सहा वर्षं गोळा करतायत. एक्सेलमध्ये १,१४० नावं. चारशेच्या वर फोटो. काही मोडी कागदांचे फोटो, जे मूळ कागद आता वाळवीनं खाल्लेत, म्हणजे ते फोटो हेच आता मूळ. आणि हे सगळं एकाच कॉम्प्युटरवर, एकाच फोल्डरमध्ये, दुसरी कॉपी कुठेच नाही. मे महिन्यात कुलसंमेलन आहे, तिथे नवी आवृत्ती द्यायची असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मी गेले तर काका अंगणात बसलेले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग मी म्हणलं, काका, कुलवृत्तांत कुठवर आला? गप्प. मग उठले, आत गेले, मी मागोमाग. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर खरंच टॉवेल होता, निळ्या चौकड्यांचा, चारही बाजूंनी नीट खोचलेला. स्पीकरची वायर काढून गुंडाळून बाजूला ठेवलेली. का तर मधूनच भोंगा वाजायचा आणि शेजारचे विचारायचे काय झालं म्हणून. काकांनी टॉवेलला हात लावायच्या आधी मला एकच वाक्य सांगितलं, "फॉरमॅट मारणार असशील तर हात लावू नकोस."

तिथे मला सगळं कळलं. गावातल्या रिपेअरवाल्या मुलाला त्यांनी फोनवर नुसतं विचारलं होतं, तो म्हणाला व्हायरस असेल तर फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही. झालं. सहा वर्षांचं काम एका शब्दात जाणार म्हणल्यावर माणूस कशाला कुणाला दाखवेल. आणि मला का नाही सांगितलं, त्याचं कारण मला त्यांनी न सांगताच माहीत होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी कुठलीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक उघडली होती तेव्हा मी जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, "काका किती वेळा सांगायचं तुम्हाला" असं म्हणाले होते. चौतीस वर्षं स्टँडवर अख्खं वेळापत्रक सांभाळलेला माणूस. त्यांनी मान खाली घालून भात कालवला होता, मला आजही दिसतंय ते. त्या एका वाक्यामुळे या वेळी ते अडीच आठवडे एकटे बसले, आणि तेवढ्या वेळात मशीनमध्ये शिरलेल्या खोट्या अँटीव्हायरसनं, म्हणजे व्हायरस आहेत असं खोटंच सांगून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामनं, काय काय करून ठेवलं ते मला नंतर एकेक सापडत गेलं.

जरा माझ्याबद्दल, म्हणजे मी हे का लिहितेय ते कळेल. २००८ ते २०१२ मी पुण्यात एका छोट्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात काम केलं. त्या काळात खोट्या अँटीव्हायरसचा नुसता पूर आला होता. लोक स्कूटरच्या पायापाशी सीपीयू ठेवून घेऊन यायचे आणि सांगायचे, नवीन अँटीव्हायरस आलाय आपोआप, तो म्हणतोय व्हायरस आहेत, पैसे मागतोय. अँटीव्हायरस एक्सपी २००८, अँटीव्हायरस २००९, मग सिक्युरिटी टूल, नावं बदलायची, आतलं सोंग तेच. डेस्कटॉपचं चित्र जाऊन तिथे लाल अक्षरात इशारा, टास्क मॅनेजर उघडायला जावं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं बंद केलंय असा मेसेज, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही जाती अशा होत्या की कुठलाही प्रोग्राम उघडा, अगदी कॅल्क्युलेटर, त्याच्या जागी तोच खोटा अँटीव्हायरस उघडणार, कारण ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाईल, कशी उघडायची ती रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतली) नोंदच त्यानं बदललेली असायची. मग आम्ही एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जायचो, आरकिल नावाचं छोटं साधन चालवायचो म्हणजे चालू असलेलं सोंग तेवढ्यापुरतं मरायचं, आणि रीस्टार्ट न करता लगेच मालवेअरबाइट्स, हा सफाई करणारा खरा प्रोग्राम. तोही ते सोंग सरळ चालू द्यायचं नाही, मग त्याच्या सेटअपचं नाव बदलून एक्सप्लोरर डॉट ईएक्सई करायचं की ते गपगुमान चालायचं, कारण एक्सप्लोररला अडवलं तर विंडोजचा डेस्कटॉपच गायब होणार हे त्या लिहिणाऱ्यालाही माहीत असायचं.

पण खरं सांगते, आमच्याकडेही तेव्हा दहातल्या सात मशीनला फॉरमॅटच मारलं जायचं. वेळ नसायचा, गिऱ्हाईक उभं असायचं, फॉरमॅटचे पैसे ठरलेले. एका बाईंच्या मुलाच्या मुंजीचे फोटो त्यात गेले. त्यांनी विचारलं होतं, फोटो राहतील ना? आमच्याकडून कुणीतरी हो म्हणून गेलं आणि डी ड्राइव्हसुद्धा उडाला. त्या बाई भांडल्या नाहीत, नुसत्या काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या. तेव्हापासून फॉरमॅट हा शब्द मी सहज तोंडातून काढत नाही.

आणि हा धंदा कुणी एकटादुकटा पोरगा घरात बसून करत नव्हता बरं का. विनफिक्सर, विनअँटीव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटीव्हायरस ही सगळी एकाच कंपनीची पिल्लं होती, इनोव्हेटिव्ह मार्केटिंग नावाची, नोंदणी बेलीझमध्ये, ऑफिस युक्रेनच्या कीव्हमध्ये. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्यांना कोर्टात खेचलं, १० लाखाच्या वर लोकांनी त्यांना पैसे भरले होते, एकेकानं ४० डॉलर किंवा जास्त. ते आधी चांगल्या वेबसाईटवर जाहिराती लावायचे, तपासणाऱ्याला दिसताना एखाद्या भल्या संस्थेची जाहिरात दिसायची आणि सामान्य माणसाला दिसताना थेट "तुमचा कॉम्प्युटर स्कॅन होतोय". त्यातल्या एका बाईवर २०१२ मध्ये कोर्टानं १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला. म्हणजे जे लोक आमच्या दुकानात मान खाली घालून यायचे, ते एवढ्या मोठ्या तयारीनिशी रचलेल्या सापळ्यात अडकलेले असायचे. हे मी तेव्हाच काकांना सांगायला हवं होतं.

असो. टॉवेल काढला.

काकांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, वर लेबल "संगणक". स्टँडवर गाडी आली गेली की नोंद करायची सवय, ती हातातून गेलेली नाही. त्यात त्यांनी पहिल्या दिवसापासून सगळं लिहून ठेवलेलं, स्वच्छ अक्षरात, रकाने आखून. तारीख, वेळ, काय दिसलं, काय केलं.

२१ डिसें. दु. ३.१०. उजव्या कोपऱ्यात चौकोन. ५ व्हायरस फाउंड. काही केले नाही.
२१ डिसें. दु. ३.४०. चौकोन. ११ व्हायरस.
२३ डिसें. स. १०.०५. लायसन एक्स्पायर्ड. भोंगा. पूर्ण स्क्रीन लाल. बंद होत नाही. डाउनलोड म्हटले, केले.
२४ डिसें. स. ९.३०. २,३१६ थ्रेट्स. रु. ३,४९९ भरले.
२६ डिसें. स. ९.१५. २,९०४ थ्रेट्स. प्रीमियम रु. ५,९९९ मागतो. भरले नाहीत.
२६ डिसें. स्पीकर काढला.

शेवटची नोंद वाचून मला पुढचं दिसेना एक मिनिट.

पण ही वही म्हणजे सोनं होतं. मी दुकानात चार वर्षं काढली, कुणी गिऱ्हाईक मला सुरुवात नक्की कधी झाली ते सांगू शकलं नव्हतं, सगळे म्हणायचे "काहीच केलं नाही हो, आपोआप झालं". इथे तारखेसकट वेळ होती. मी विचारलं, काका, २१ तारखेला तीनच्या आधी काय करत होतात? म्हणाले, जुन्या आवृत्तीची फाईल उघडत होतो. ती १९९६ ची फाईल सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या डीव्हीटीटी सुरेख फॉन्टमध्ये, आजच्या कॉम्प्युटरवर ती उघडली की नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे ढीग दिसतात. ते युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या मराठीत, आणायचं म्हणून त्यांनी गुगलवर शोधलं, एक साईट उघडली, तिथे लिहिलेलं की तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा. त्यांनी दाबलं. कुणीही दाबेल. रोज बँकेच्या, रेल्वेच्या, सरकारी साईटवर माणूस हेच करतोय, मी रोबोट नाही, मी रोबोट नाही.

त्या अलाऊचा खरा अर्थ होता, "या साईटला मला नोटिफिकेशन पाठवू दे." बास. कॉम्प्युटरमध्ये त्या क्षणी व्हायरस वगैरे काही शिरला नव्हता. त्या साईटला नुसता कोपऱ्यात चौकोन दाखवायचा परवाना मिळाला, आणि तिनं त्या चौकोनात नामांकित अँटीव्हायरस कंपन्यांचे लोगो चिकटवून "५ व्हायरस" लिहायला सुरुवात केली. हे लक्षात घ्या कारण आज घरोघरी जे खोटे अँटीव्हायरसचे इशारे दिसतात त्यातले कितीतरी एवढेच असतात, ब्राउझरचं नोटिफिकेशन. एखाद्यानं त्याच दिवशी क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. २३ तारखेला मात्र लाल स्क्रीननं घाबरवून त्यांच्याकडून खरोखरचा प्रोग्राम डाउनलोड करून घेतला आणि मग गोष्ट मशीनच्या आत गेली.

पहिलं काम, डेटा. इंटरनेटची वायर काढली, मशीन बंद केलं, उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून चालू केलं म्हणजे विंडोज आणि त्यातलं सोंग जागंच झालं नाही, आणि कुलवृत्तांताचं अख्खं फोल्डर माझ्या हार्ड डिस्कवर घेतलं. फक्त डॉक्युमेंट आणि फोटो, प्रोग्राम एकही नाही. काका शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. कॉपी झाल्यावर मी ती डिस्क माझ्या लॅपटॉपला लावून आधी स्कॅन केली आणि मग एक्सेलची फाईल उघडून त्यांना शेवटची ओळ दाखवली, १,१४० वं नाव, आमच्या चुलत भावाची सहा महिन्यांची मुलगी. काकांनी ते नाव मोठ्यांदा वाचलं. मग म्हणाले, आता तू काय करायचं ते कर. काकू आतून चहा घेऊन आली, परत.

मग मी कोरा पेन ड्राइव्ह पाकीट फोडून काकांच्याच हातात दिला आणि म्हणलं, तुम्ही लावा. विंडोज चालू केलं, तो खोटा अँटीव्हायरस लगेच उघडला, हिरवं गोल चक्र फिरायला लागलं. त्यात एक पर्याय होता, हवा तो ड्राइव्ह स्कॅन करायचा. काकांना सांगितलं, हा पेन ड्राइव्ह निवडा. निवडला. चक्र फिरलं, फायलींची नावं भराभर खाली पळाली, आणि निकाल आला, ४६ थ्रेट्स. मग मी त्यांना तोच पेन ड्राइव्ह माय कॉम्प्युटरमधून उघडायला सांगितला. पांढरं फट. एक फाईल नाही.

काका बराच वेळ त्या ४६ कडे बघत राहिले. "म्हणजे हा मोजतच नाही," म्हणाले. "नुसता आकडा टाकतोय." मग वही ओढली आणि लिहिलं, १० जाने. कोरा पेन ड्राइव्ह. ४६. आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

मी कितीही समजावलं असतं तरी त्यांची भीती गेली नसती, ती त्या ४६ नं गेली. तुमच्या घरात असं कुणी अडकलं असेल तर शक्य असेल तेव्हा हे करून दाखवा, खरंच. फक्त तो पेन ड्राइव्ह नंतर दुसऱ्या मशीनला लावायच्या आधी पुसून घ्या.

आता काढायचं कसं ते, मी ज्या क्रमानं केलं तसंच सांगते. आधी क्रोम. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साईटची यादी असते. काकांकडे नऊ होत्या, त्यातल्या आठांची नावं म्हणजे अक्षरांची भेळ. सगळ्या काढल्या आणि वरचा पर्याय बदलून साईटनी नोटिफिकेशनसाठी विचारायचंच नाही असं केलं. एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांत, एक "सर्च हेल्पर" छापाचं काहीतरी बसलेलं होतं, ते काढलं. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्सची यादी, ती इन्स्टॉलच्या तारखेनं लावली, आणि इथे वही कामाला आली. २३ डिसेंबरला तीन प्रोग्राम एकदम बसले होते. एक तो अँटीव्हायरस, एक पीडीएफचं काहीतरी, आणि एक नुसतं अपडेटर नावाचं. काकांनी यातलं एकच डाउनलोड केलं होतं.

अनइन्स्टॉल करायला गेलं की तो कसा रडतो ते बघण्यासारखं आहे. मोठं हिरवं बटण, "सुरक्षित राहा". त्याच्याखाली बारीक करड्या अक्षरात, बटण आहे असंही वाटू नये असं, "तरीही काढा". ते दाबलं की पुन्हा विचारणार, खात्री आहे का, तुमचे २,९०४ धोके तसेच राहतील. मग सूट देणार. मग कारण विचारणार. चार खिडक्यांनंतर निघाला. काका म्हणाले, हा तर विमा एजंटच्या वरताण.

रीस्टार्ट केलं. परत आला.

हे अपेक्षित होतं, म्हणून मी काकांना आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर परत घाबरले असते. जुन्या काळी हे लोक रजिस्ट्रीच्या रन कीमध्ये किंवा स्टार्टअपमध्ये बसायचे, आता जास्त करून टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काय चालवायचं त्या विंडोजच्या यादीत, बसतात. तिथे उघडून बघितलं तर साध्यासुध्या नावाचं एक काम लावलेलं, लॉगिन झालं की आणि नंतर दर चार तासांनी एक फाईल चालवायची. ती फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते तिथेच लिहिलेलं असतं, प्रोग्रामडेटाच्या आत, हे फोल्डर एरवी लपलेलं असतं म्हणून दिसत नाही. ते फोल्डर सरळ डिलीट होत नव्हतं, चालू आहे म्हणायचं. मग आधी ते लावलेलं काम यादीतून काढलं, आणि शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि ४ दाबून सेफ मोड. तिथे फोल्डर उडवलं, टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत अजून एक नोंद होती ती बंद केली. प्रॉक्सीची सेटिंग तपासली, होस्ट्स फाईल तपासली (या दोन्हींतून इंटरनेटची वाट भलतीकडे वळवता येते), त्या ठीक होत्या.

आणि मग मला ते सापडलं ज्यानं मला खरा राग आला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू होता, हिरवी टिकसुद्धा दाखवत होता. पण एक्सक्लुजन्समध्ये, म्हणजे काय काय तपासायचं नाही त्या यादीत, अख्खा सी ड्राइव्ह घातलेला. पहारेकरी गेटवर उभा, आणि त्याला सांगून ठेवलंय की आत बघायचं नाही. २३ तारखेला प्रोग्राम बसवताना विंडोजनं परवानगी विचारली आणि काकांनी "येस" दाबलं तेव्हा त्या प्रोग्रामला अ‍ॅडमिनचे अधिकार मिळाले आणि त्यानं पहिलं काम हे केलं. ही जागा कुणी बघत नाही, गावातला रिपेअरवाला तर नाहीच. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, खाली जाऊन एक्सक्लुजन्स. सगळं साफ केल्यानंतरही ही नोंद तशीच राहिली असती तर पुढचं जे काही आलं असतं ते आरामात आत बसलं असतं.

ती काढली, इंटरनेट जोडलं, डिफेंडर अपडेट केला आणि ऑफलाइन स्कॅन लावला. यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात, काळ्या स्क्रीनवर. तेवढ्यात आम्ही जेवून घेतलं. दोन गोष्टी सापडल्या, काढल्या. मग दुसरं मत म्हणून अ‍ॅडव्हक्लीनर हा दुसरा सफाईचा प्रोग्राम, त्यानं त्या पीडीएफवाल्याचे उरलेले तुकडे काढले. मग परत पूर्ण स्कॅन, तो संध्याकाळपर्यंत चालला. विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि मशीन इतकं जुनं की ११ घेत नाही, म्हणून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणारे वाढीव सुरक्षा अपडेट लावून दिले. त्यानंतर काय करायचं ते मे मधल्या संमेलनानंतर बघू.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. काकांनी फक्त प्रोग्राम घेतला होता, कुणाला फोन केला नव्हता. त्या लाल स्क्रीनवर नंबर होता, पण त्यांनी लावला नाही, का तर नंबर नुसता आकड्यांचा, नाव कुणाचंच नाही, अशा माणसाशी काय बोलायचं. त्या एका सवयीनं वाचले. ज्यांनी त्या नंबरवर फोन केला आणि एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकून समोरच्याच्या हातात मशीन दिलं, त्यांच्यासाठी वरची सफाई पुरेशी नाही. त्यानं आत काय ठेवलंय, काय नेलंय, सांगता येत नाही. तिथे फॉरमॅटच योग्य, पण आधी डेटा काढून घेऊन, आणि ती कॉपी उघडून बघून, मगच. आणि खऱ्या मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की तो खोटा, एवढं एक मी काकांच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं. लाल स्क्रीन आली तर एस्केप दाबून धरायचं, नाही गेली तर अल्ट एफ४, तरी नाही तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून क्रोमच बंद करायचं, आणि परत उघडल्यावर जुनी पानं परत आणू का विचारलं तर नाही म्हणायचं. तेही लिहून घेतलं.

पैशाचं दुपारीच बघितलं होतं, स्कॅन चालू असताना. कार्ड बँकेच्या अ‍ॅपवरून ब्लॉक केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, पासवर्ड सगळे काकांच्या फोनवरून बदलले, त्या मशीनवरून नाही. सोमवारी बँकेत काका स्वतः गेले लेखी अर्ज घेऊन. बँकेनं सांगितलं ओटीपी तुम्हीच दिलात आणि दोन आठवडे उलटून गेलेत. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमच तसा होता, आपल्या हातून माहिती दिली गेली तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून त्याच दिवशी, त्याच तासाला कळवणं एवढं महत्त्वाचं. ३,४९९ परत आलेले नाहीत. तक्रारीचा नंबर वहीत आहे. माझं म्हणणं असं की ते पैसे त्या लाल स्क्रीननं जेवढे नेले तेवढेच माझ्या पंगतीतल्या वाक्यानंही नेले, कारण २४ तारखेला दुपारी काकांनी मला फोन केला असता तर निदान झगडायला वेळ होता. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, जाऊ दे गं. पण मी परत एकदा सांगितलं, नीट, काकूसमोर.

रात्री जेवताना काका जरा मोकळे झाले होते. मला विचारलं, मग आता खरा अँटीव्हायरस कुठला घेऊ? आपल्या रहिमतपूरच्या काटकरांचा घेऊ का? क्विक हील म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याचा अभिमान, कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला, ही गोष्ट काका येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात. म्हणलं घ्या हवा तर, पण घ्यायचा तो स्वतः दुकानात जाऊन किंवा कंपनीच्या साईटवर जाऊन, कोपऱ्यातल्या चौकोनावर दाबून नाही. आणि नाही घेतला तरी विंडोजचा डिफेंडर तुमच्या कामाला पुरतो, मी माझ्या मशीनवर तोच वापरते. अँटीव्हायरसचे पैसे वाचवून एक हार्ड डिस्क घ्या, एक कॉपी तुमच्याकडे, एक माझ्याकडे पुण्यात. ते त्यांना एकदम पटलं. एसटीत म्हणे चार्टच्या नेहमी दोन प्रती असायच्या.

झोपायच्या आधी काकूनं टॉवेल धुवायला टाकला.

रविवारी सकाळी निघायच्या आधी मूळ काम राहिलंच होतं, ज्याच्यापायी हे सगळं झालं. ती १९९६ ची फाईल. माझी एक मैत्रीण डीटीपी करते, तिच्याकडे जुने फॉन्ट बदलायचं खात्रीचं साधन आहे, तिला फाईल पाठवली, दोन तासात युनिकोडमध्ये परत आली. काकांनी उघडली, पहिल्यांदा त्यांच्या स्क्रीनवर पहिली आवृत्ती मराठीत दिसली. बरंचसं बरोबर, पण रफार एक अक्षर पुढे सरकलेले आणि "ऱ्या", "ऱ्हा" जिथे जिथे आहे तिथे चौकोन. आमच्या घराण्यात साताऱ्याकडच्या, कऱ्हाडच्या, वऱ्हाडात गेलेल्या अशा शाखा, म्हणजे पानोपानी चौकोन. काका म्हणाले, हे मी हातानं करतो, हे मला येतं.

काल फोन झाला. पान ४१ वर आलेत.